शेतसारा कुणाचा, शाळा कुणाची? हिशोब मागणारे जोतीराव फुले

पट कमी झाला म्हणून झेडपीची शाळा बंद होणार का, ही चर्चा आज गावोगावच्या पारावर चालते. काही जण म्हणतात, सरकारने शाळा चालवण्यापेक्षा पालकाच्या हातात फीचं व्हाउचर द्यावं, ज्याला जिथं पाहिजे तिथं त्याने पोरगं घालावं. सरकारचा पैसा कोणत्या शाळेला जावा, हा वाद तसा जुनाच आहे. 140 वर्षांपूर्वी या वादात शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले.

फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. जन्म 1827 चा. आई लहानपणीच गेली. वडील गोविंदरावांनी लोकांच्या बोलण्यावरून पोराला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा 1841 मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुढे दुसऱ्यांच्या पोरांसाठी ते आयुष्यभर झगडले, त्यामागे हा अनुभव होता.

1848 मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तिथं शिकवायला लागल्या. या कामापायी नवरा-बायकोला वडिलांचं घर सोडावं लागलं. शाळा वाढल्या तसा खर्चही वाढला. लोकांच्या वर्गणीतून गाडा चालायचा. सरकारने दक्षिणा फंडातून महिन्याला 75 रुपयांची मदत दिली. म्हणजे खाजगी शाळेला सरकारी पैसा मिळतो तेव्हा काय होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. नऊ-दहा वर्षांनी ते या कामातून बाजूला झाले आणि मुलींच्या शाळा पुढे कमिटीने सरकारच्या शिक्षण खात्याकडे दिल्या.

पुढे त्यांनी ठेकेदारी केली, शेती केली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, पुणे नगरपालिकेत सदस्य म्हणूनही बसले. कराचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठं, हे त्यांनी जवळून पाहिलं.

1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. जोतीरावांनी आपलं निवेदन लिहून दिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारच्या तिजोरीतला बराचसा पैसा रयतेच्या घामाचा, पण तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. शाळांसाठी म्हणून शेतकऱ्याकडून वेगळा कर घेतला जातो, तोही त्या कामी लागत नाही. मुंबई इलाख्यातली दहापैकी नऊ गावं, म्हणजे जवळपास 10 लाख पोरं, शाळेवाचून आहेत, असा आकडाच त्यांनी आयोगापुढे ठेवला.

मागण्याही नेमक्या होत्या. निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मास्तर शेतकरी समाजातून घ्या, त्याला ट्रेनिंग द्या आणि पोट भरेल एवढा पगार द्या. पोरांना मोडी-बाळबोध, हिशोब आणि शेतीची माहिती शिकवा. सरकारने शिक्षणातून अंग काढून सगळं खाजगी संस्थांवर सोडावं, हे त्यांना मान्य नव्हतं. तसं केलं तर शिक्षणाचा प्रसार थांबेल, असं त्यांचं मत होतं.

आयोगाने सक्तीची मागणी मान्य केली नाही. 1890 मध्ये जोतीराव गेले. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. देशभरासाठी शिक्षण हक्क कायदा व्हायला 2009 साल उजाडलं. याच कायद्यामुळे आता खाजगी शाळांतल्या 25 टक्के जागांवर गरिबांची पोरं बसतात आणि त्यांचा खर्च सरकार शाळेला देतं.

व्हाउचर चांगलं की वाईट, हे जोतीरावांच्या तोंडी घालणं बरोबर नाही. त्यांच्या काळी तो शब्दच नव्हता. पण त्यांनी घालून दिलेली हिशोबाची रीत आजही कामाला येते. ज्या वाडीत दुसरी शाळाच नाही, तिथं हातात व्हाउचर असून पोरगं जाणार कुठं? आणि जी शाळा आहे, तिच्या नावाने आलेला पैसा तिथं पोचतो का? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. पुढच्या बैठकीला जाऊन एवढं तरी विचारा.