आंतोनी गाउदी : न विकल्या गेलेल्या भूखंडांचा शिल्पकार

१४ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी स्पेनमधील वास्तुशिल्पकार आंतोनी गाउदी ह्यांच्या ख्रिस्ती सद्गुणांना मान्यता दिली आणि ते 'वंदनीय' झाले. संतपदाच्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होय. २०२६ हे त्यांच्या निधनाचे शताब्दी वर्ष. बार्सिलोना येथील पवित्र कुटुंबाच्या महामंदिराचे, म्हणजेच साग्रादा फामिलियाचे शिल्पकार म्हणून सारे जग त्यांना ओळखते. त्याच शहरातील पार्क ग्वेल ही त्यांची रम्य बागही तितकीच प्रसिद्ध आहे. परंतु ही जागा मुळात बाग म्हणून आखलेली नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. ती साठ घरांची एक नियोजित वसाहत होती. चौदा वर्षे काम चालले आणि अखेर योजना फसली. गाउदी ह्यांच्या जीवनाची घडण समजून घ्यायची असेल तर ह्या फसलेल्या योजनेची कथा मुळापासून पाहिली पाहिजे.

तांबटाचा मुलगा

गाउदी ह्यांचा जन्म २५ जून १८५२ रोजी कातालोनिया प्रांतात झाला. दुसऱ्याच दिवशी रेउस गावातील संत पेत्र चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडील फ्रान्सेस्क तांबट होते. सपाट पत्र्याला ठोके देत देत त्याचे गोल भांडे कसे होते, हे आंतोनी ह्यांनी बालपणी वडिलांच्या कारखान्यात पाहिले होते. संधिवातामुळे त्यांना इतर मुलांबरोबर फारसे हुंदडता येत नसे. त्यामुळे झाडे, दगड, किडामुंगी न्याहाळण्यात त्यांचा वेळ जाई. पुढे त्यांच्या इमारतींत झाडांसारखे खांब आणि हाडांसारख्या कमानी दिसू लागल्या, त्यांचे मूळ ह्या निरीक्षणात आहे.

१८७८ साली त्यांना वास्तुशिल्पकाराची पदवी मिळाली. त्याआधीच, १८७६ साली, आई आणि नुकताच डॉक्टर झालेला थोरला भाऊ असे दोघेही निवर्तले होते. १८७९ साली बहीणही गेली आणि तिच्या लहान मुलीचा सांभाळ मामाकडे व आजोबांकडे आला. गाउदी ह्यांनी पुढे विवाह केला नाही.

तरुणपणी त्यांनी मातारो गावातील कामगारांच्या सहकारी संस्थेसाठी गिरणी व कामगारांची वस्ती ह्यांचे आराखडे तयार केले. त्यातील थोडाच भाग प्रत्यक्षात उतरला. सामान्य माणसाचे घर, त्याची हवा आणि त्याचा उजेड ह्यांचा विचार मात्र त्यांच्या मनात तेव्हापासून होता.

१८८३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, साग्रादा फामिलियाचे काम त्यांच्याकडे आले. संत योसेफाच्या भक्तमंडळाने १९ मार्च १८८२ रोजी ह्या चर्चची पायाभरणी केली होती. भाविकांच्या दानातून उभे राहणारे हे प्रायश्चित्ताचे मंदिर होते. सुरुवातीला गाउदी ह्यांची धर्मनिष्ठा फारशी प्रखर नव्हती. हळूहळू ह्या कामाने त्यांना आपल्याकडे ओढले. १८९४ सालच्या प्रायश्चित्तकाळात त्यांनी इतका कडक उपवास धरला की जीव धोक्यात आला. पुढे बिशप झालेल्या फादर जोसेप तोरास इ बाजेस ह्यांनी समजूत घातली तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.

उजाड डोंगरावरील योजना

गाउदी ह्यांच्या व्यावसायिक जीवनात एउसेबी ग्वेल ह्या उद्योगपतींचे स्थान मोठे आहे. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एका हातमोजे विक्रेत्यासाठी गाउदी ह्यांनी केलेले काचेचे कपाट ग्वेल ह्यांच्या नजरेस पडले. त्यातून जडलेला स्नेह चाळीस वर्षे टिकला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्सिलोना झपाट्याने वाढत होते. शेजारचे ग्रासिया गाव १८९७ साली शहरात समाविष्ट झाले. त्याच्या वरच्या अंगाला एक उजाड डोंगर होता. लोक त्याला बोडका डोंगरच म्हणत. ग्वेल ह्यांनी १८९९ साली तेथे जमीन घेतली. शहराच्या धुरापासून दूर, समुद्र दिसेल अशा उतारावर बागेतील वसाहत वसवावी, असा त्यांचा बेत होता. इंग्लंडमधील उद्यानवस्त्या त्यांनी पाहिल्या होत्या. म्हणूनच नावातील पार्क हा शब्द त्यांनी मुद्दाम इंग्रजी पद्धतीने लिहिला. १९०० साली काम सुरू झाले. गाउदी आराखडा करीत आणि जोसेप पार्दो हे ठेकेदार बांधकाम पाहात.

सुमारे १७ हेक्टर जागेत साठ त्रिकोणी भूखंड पाडायचे होते. डोंगर तासून सपाट करणे सोपे गेले असते, परंतु गाउदी ह्यांनी तसे केले नाही. डोंगराच्या वळणांनुसार त्यांनी रस्ते वळवले. जेथे दरी आली तेथे रस्ता दगडी खांबांवर उचलला आणि त्यासाठी दगड त्याच जागेवरचा वापरला. वसाहतीच्या बाजारासाठी ८६ खांबांचे दालन उभारले आणि त्याच्या छतावर सर्वांना एकत्र जमण्यासाठी विस्तीर्ण चौक केला. चौकाभोवती लाटेसारखे वळण घेणारे बाक आहे. त्यावर फुटक्या फरश्या व चिनी मातीचे तुकडे जडवलेले आहेत. जोसेप मारिया जुजोल ह्या सहकाऱ्याचा हात त्यात दिसतो. जे इतरांनी टाकून दिले होते, तेच येथे शोभेचे झाले.

पाण्याची योजना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगरावर पाण्याची टंचाई होती. चौकावर पडणारा पाऊस जमिनीत मुरून गाळला जातो, पोकळ खांबांतून खाली उतरतो आणि सुमारे बारा लाख लिटरच्या टाक्यात साठतो. बागेच्या शिंपणासाठी हे पाणी होते. जिन्यावरील प्रसिद्ध रंगीत सरड्याच्या मुखातून पडते ते ह्याच टाक्याचे जादा पाणी. वसाहतीसाठी एक प्रार्थनामंदिरही योजलेले होते. ते झाले नाही, परंतु टेकडीच्या माथ्यावर गाउदी ह्यांनी तीन क्रूस उभारून कालवारी साकारली.

शेजाऱ्याचा उजेड राखणारा करार

भूखंड विकत घेणाऱ्यांसाठी घातलेल्या अटी कडक होत्या. भूखंडाच्या केवळ एक षष्ठांश भागावर बांधकाम करता येई. उरलेली जागा झाडांसाठी ठेवायची. घराची जागा आणि उंची अशी असावी की शेजाऱ्याला मिळणारे ऊन आणि समुद्राचे दर्शन अडू नये. भूखंड कितीही मोलाचा असला तरी शेजाऱ्याचा उजेड हिरावण्याचा हक्क त्याच्याबरोबर विकला जात नव्हता.

विक्रीची पद्धतही जुन्या काळची होती. खरेदीदाराला संपूर्ण मालकी मिळत नसे. जमिनीचा कायम उपभोग मिळे, पण मूळ मालकाला वार्षिक खंड द्यावा लागे आणि अटी वंशपरंपरेने चालू राहात. गोव्यातील वाचकांना पोर्तुगीज अमदानीतील आफोरामेंत ह्याच जातीचा करार म्हणून ओळखीचा असेल.

पहिला खरेदीदार मार्ती त्रियास हा वकील. त्याने १९०२ साली जागा घेतली व दुसऱ्या वास्तुशिल्पकाराकडून घर बांधून घेतले. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी पार्दो ह्यांनी एक नमुना घरही उभारले. त्याची रचना गाउदी ह्यांचे सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर ह्यांची होती. बेरेंगेर ह्यांच्याकडे पदवी नसल्यामुळे आराखड्यावर सही गाउदी ह्यांनी केली.

गिऱ्हाईक मात्र आले नाही. चढण उभी होती, वाहनाची सोय नव्हती, करार गुंतागुंतीचा होता आणि वसाहत मूठभर श्रीमंतांपुरतीच होती. अखेर १९०६ साली ते नमुना घर गाउदी ह्यांनी स्वतःच घेतले व वृद्ध वडील आणि भाची ह्यांच्यासह ते तेथे राहू लागले. १९१४ साली काम थांबले तेव्हा साठांपैकी दोनच घरे उभी होती.

रिकाम्या वसाहतीतील वर्षे

त्या घरात येताच काही महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९०६ रोजी, वडिलांचे देहावसान झाले. आजारी भाची १९१२ साली गेली. १९१४ साली बेरेंगेर गेले आणि १९१८ साली ग्वेल. ग्वेल ह्यांनीही आपले अखेरचे दिवस त्याच वसाहतीतील जुन्या वाड्यात काढले होते. ज्या टेकडीवर साठ कुटुंबांचे गोकुळ नांदायचे होते, तेथे एक एकाकी म्हातारा रोज सकाळी उतरणीला लागे आणि साग्रादा फामिलियाच्या कामावर जाई.

ह्याच काळात बार्सिलोना आतून धुमसत होते. कारखान्यांतील मजुरांची स्थिती हलाखीची होती आणि धर्मसंस्था धनिकांच्या बाजूची आहे, अशी अनेकांची भावना झाली होती. जुलै १९०९ मध्ये शहरात उद्रेक झाला व असंख्य चर्चेस आणि मठ जाळले गेले. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. उंच भिंतीआडची श्रीमंत वसाहत आणि खाली गजबजलेली मजूरवस्ती, हे दोन्ही एकाच शहराचे भाग होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साग्रादा फामिलियाच्या आवारात गाउदी ह्यांनी बांधलेली छोटी शाळा सुरू झाली. मजुरांची व त्या वस्तीतील मुले तेथे शिकू लागली. तीन वर्ग, पातळ विटांच्या भिंती आणि लाटेसारखे छप्पर असलेली ती वास्तू थोड्या खर्चात मजबूत बांधकाम कसे करावे ह्याचा वस्तुपाठ ठरली.

ग्वेल ह्यांच्या गिरणी कामगारांच्या वसाहतीसाठी, सांता कोलोमा दे सेर्वेयो येथे, गाउदी ह्यांनी चर्चचे काम १९०८ साली सुरू केले. दोऱ्यांना शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या टांगून त्यांनी कमानींचा भार मोजला होता. हे कामही १९१४ साली थांबले व फक्त तळघरातील उपासनागृह पूर्ण झाले. १९१५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. दोऱ्यांच्या त्या प्रयोगातून मिळालेले ज्ञान मात्र वाया गेले नाही. साग्रादा फामिलियाच्या रचनेत ते उपयोगी पडले.

कासा मिला ह्या इमारतीच्या मोबदल्याबाबत मालकाशी वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले. गाउदी खटला जिंकले आणि मिळालेली रक्कम त्यांनी धर्मकार्यास देऊन टाकली. ठरलेला मोबदला मागताना त्यांनी संकोच केला नाही आणि तो हाती आल्यावर स्वतःजवळ ठेवलाही नाही. उत्तरायुष्यात त्यांनी इतर कामे घेणे बंद केले. चर्चसाठी निधी कमी पडे तेव्हा ते स्वतः दारोदारी दान मागत. १९२५ च्या अखेरीस ते टेकडीवरचे घर सोडून चर्चच्या कार्यशाळेतच राहायला आले.

७ जून १९२६ रोजी सायंकाळी संत फिलिप नेरी चर्चकडे प्रार्थनेसाठी जाताना ट्रामची धडक बसून ते कोसळले. अंगावरील जीर्ण कपड्यांमुळे त्यांना कोणी ओळखले नाही. गोरगरिबांसाठी असलेल्या पवित्र क्रूसाच्या रुग्णालयात त्यांना नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी साग्रादा फामिलियाच्या धर्मगुरूंनी त्यांना ओळखले. १० जून रोजी त्यांनी प्राण सोडला. चर्चच्या तळघरातील कार्मेल मातेच्या वेदीपाशी त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेला सारे शहर लोटले होते.

सर्वांची झालेली जागा

ग्वेल ह्यांच्या वारसांकडून ती टेकडी बार्सिलोना नगरपालिकेने १९२२ साली विकत घेतली आणि १९२६ साली, म्हणजे गाउदी गेले त्याच वर्षी, सार्वजनिक उद्यान म्हणून ती सर्वांना खुली केली. १९८४ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. साठ धनिकांचे भूखंड विकले गेले असते तर फाटकाबाहेरच्या माणसाला तो चौक, ते बाक आणि तेथून दिसणारा समुद्र कधी पाहायला मिळाला नसता. साग्रादा फामिलियाचे पवित्रीकरण पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी केले.

जमिनीचे तुकडे पडणे, करारनामे होणे, इमारती उठणे हे आपल्यालाही नवे नाही. घर बांधताना आपण भिंतीची जाडी आणि दर चौरस फुटाचा भाव काळजीने पाहतो. आपल्या भिंतीमुळे शेजाऱ्याच्या अंगणात सावली किती पडेल, हे पाहणारा करार क्वचितच होतो. गाउदी ह्यांच्या वसाहतीच्या अटींतील ही एक ओळ त्यांच्या कोणत्याही मनोऱ्याइतकी मोलाची आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्यांनी खरेदीखतात उतरवली होती. व्यवहार म्हणून ती योजना बुडाली, तरी त्या टेकडीवर ऊन आणि समुद्र कोणाचाच अडलेला नाही.