डॉक्टर रखमाबाई

स्मरणिकेसाठी थोर स्त्रियांची चरित्रे लिहायचे ठरले, तेव्हा मी डॉ. रखमाबाईंचे नाव मागून घेतले. त्याचे कारण ओघात येईलच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले, पण त्या माहेरीच राहिल्या व शिकल्या. १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला; पण त्याच वर्षी पाठीराखे सावत्र वडील गेले. १८८७ साली कोर्टाने उलट हुकूम केला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली! चहूकडून निंदा झाली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पीची यांनी धीर दिला व मदत केली. १८८९ साली बाई विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात आल्या. तिथे बायका बाळंतपणाला यायलाच भीत. तेव्हा बाईंनी म्हणे एका गाभण शेळीची सुटका दवाखान्यात करून दाखविली, मग बायकांची भीड चेपली. पुढे राजकोटलाही त्यांनी अनेक वर्षे सेवा केली.

ती भीड आजही गेलेली नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे पोट फुगे, दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखे वाटे. वयामुळे असेल म्हणून त्या गप्प राहिल्या. निघाला अंडाशयाचा कर्करोग. ऑपरेशन झाले, औषधाच्या सलाईनांनी केस गेले. पण त्यांना दुखण्यापेक्षा जड गेले ते मनातले. आपण आता बाई उरलो का, पोरांचे कसे होईल, हे त्या कुणाजवळ बोलत नसत. रात्री पदर तोंडात धरून रडत. मी शेजारी बसून नुसते भाजी निवडू लागले, तेव्हा हळूहळू बोलत्या झाल्या. रडून मोकळ्या झाल्या, की जेवत.

भगिनींनो, पोट सतत फुगणे, भूक लवकर भागणे, ओटीपोटात दुखणे, वरचेवर लघवीला लागणे, हे दोन-तीन आठवडे टिकले तर अंगावर काढू नका. डॉक्टरीणबाईंना दाखवा. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून आहे. पडघ्याहून कल्याण गाठले की पुढे लोकल आहे. एकटीने जायची भीती वाटली तर मंडळात सांगा, आमच्यापैकी कोणीतरी बरोबर येईल.

रखमाबाईंचेही देहावसान २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानेच झाले. जन्मभर त्यांनी बायकांची दुखणी ऐकून घेतली. निदान तेवढे तरी आपण एकमेकींसाठी करू या.