गाडगे महाराज

गाडगे महाराज (जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : २० डिसेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर असे होते. लोकांना जे सांगावयाचे ते काम आधी स्वतःच्या हाताने करावयाचे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

पूर्वायुष्य

डेबूजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. आई सखूबाई मुलासह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. डेबूजींनी तेथे गुरे राखली व शेती केली. शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. मामाचे शेत सावकाराच्या घशात गेले. व्यसन, कर्ज व निरक्षरता घर कसे बुडवतात, हे त्यांनी घरातच पाहिले. मुलीच्या बारशाला मद्यमांसाची रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले.

कार्यपद्धती

अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे असा त्यांचा वेश असे. भाकरी ते त्या गाडग्यातच खात. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. गावात पोहोचताच ते प्रथम रस्ते झाडत व गटारे उपसत. ते पाहून गावकरीही हाती झाडू घेत. रात्री त्याच गावात कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत ते दारू, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांवर बोलत आणि मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरत. पाया पडू पाहणाऱ्यांना ते काठी उगारून दूर ठेवत. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती.

संस्था

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथील यात्रेत भाविकांचे हाल होत. तेथे त्यांनी घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती. पुढे त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. याशिवाय गोरक्षण संस्था, सदावर्ते व विद्यार्थी वसतिगृहेही त्यांनी काढली. लोकांनी दिलेला पैसा लोकांच्याच कामी लागे. या इमारतींवर त्यांनी स्वतःची किंवा कुटुंबाची मालकी ठेवली नाही आणि कारभार विश्वस्तांकडे सोपवला. त्यांचा स्वतःचा मुक्काम झाडाखाली किंवा झोपडीत असे.

मृत्यू व स्मृती

डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर चौदाच दिवसांनी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीनजीक प्रवासातच गाडगे महाराजांचे निधन झाले. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठाला, तसेच महाराष्ट्र शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.