विरह पचवणारा स्वर

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. बडोद्यात ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि विरोध पत्करून दोघांनी ते संस्थान सोडले. मात्र १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांसह विभक्त झाल्या. संसार मोडला, तरी खाँसाहेबांनी तंबोरा खाली ठेवला नाही. मिरजेत त्यांची स्वरसाधना अखंड चालली. त्यांच्या गायकीतील आर्तता या वियोगाने अधिक गहिरी झाली, असे जाणकार मानतात. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर, एका रेल्वे स्थानकात ईश्वरस्मरण करीत त्यांनी प्राण सोडला. दुरावलेल्या सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाईंच्या कंठातही पुढे किराण्याचाच स्वर नांदला.