सरफोजीराजे आणि अठरा जिनसांची संगीतरचना

कुंभकोणमहून मायावरमकडे जाणाऱ्या वाटेवर गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. नामसिद्धांताचे थोर प्रवर्तक श्रीबोधेंद्र सरस्वती यांची समाधी येथे आहे, आणि अलीकडच्या काळात महाराष्ट्री वळणाच्या उंच शिखराचे विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिरही येथे उभे राहिले आहे. तमिळ कंठातून तुकोबांचे अभंग ऐकताना आपल्याकडच्या यात्रेकरूला नवल वाटते. वास्तविक त्यात नवल काही नाही. कावेरीच्या या खोऱ्यावर भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ छत्र धरले होते. वाळूखाली लुप्त झालेली बोधेंद्रांची समाधी मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी शोधून काढली आणि तिच्या उभारणीस तंजावर दरबाराने साह्य केले, असे येथील परंपरा सांगते. हे सद्गुरुस्वामी ज्या राजाचे समकालीन, त्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या संगीतप्रेमाविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ साली दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गादी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली. पोरक्या राजपुत्राचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केला. पुढे शिक्षणासाठी त्यांना मद्रासेस ठेवण्यात आले. इंग्रजी भाषा, पाश्चात्य शास्त्रे आणि तिकडचे संगीत यांची गोडी त्यांना या काळात लागली. गुरूवर त्यांची निष्ठा अखेरपर्यंत राहिली. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मात्र स्वधर्म त्यांनी सोडला नाही.

१७९८ साली कंपनीच्या पाठिंब्याने ते गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यच कंपनीच्या हाती गेले. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. त्याच सुमारास व्हिएन्नात बेथोव्हेन आपला ‘पाथेटिक’ सोनाटा पियानोसाठी लिहीत होता. तो १७९९ साली छापून निघाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु सोनाटा म्हणजे काय हे समजले, तर सरफोजींनी जे केले त्याचे मोल अधिक चांगले ध्यानात येते.

सोनाट्याचे साधारणतः तीन किंवा चार खंड असतात. एक द्रुत, एक संथ, एक पुन्हा चपळ. पहिल्या खंडात एक स्वरकल्पना मूळ षड्जाच्या आधाराने येते, दुसरी निराळ्या षड्जावर उभी राहते. मग दोहोंची ओढाताण होते आणि अखेर दोन्ही मूळ घरी परततात. ‘पाथेटिक’मध्ये तर आरंभीची गंभीर, जड पावलांची स्वरावली मधेच पुन्हा पुन्हा वाट अडवून उभी राहते. वादकाची खरी परीक्षा तेथेच होते. ती अडवणूक केवळ नाट्य म्हणून वाजवली तर सोनाटा पोकळ वाटतो. न टळणारी आठवण म्हणून वाजवली तर अंगावर येतो. माझा कौल दुसऱ्या रीतीला आहे.

सरफोजींच्या दरबारी युरोपीय वाद्यांचा बॅंड होता, पाश्चात्य स्वरलेखनातील पुस्तके संग्रही होती आणि राजांना ती लिपी अवगत होती. त्यांचे कारभारी वराहप्पा यांनी मद्रासेस गव्हर्नराच्या घरी पियानो आणि व्हायोलिन शिकून घेतल्याची कथा दक्षिणेतील संगीतकार आवडीने सांगतात. व्हायोलिन पुढे कर्नाटक संगीतात कायमचे रुजले. पियानो मात्र राजवाड्याचा पाहुणाच राहिला. पडदा दाबून एकच स्थिर स्वर देणाऱ्या वाद्यातून गमक कसे निघावे?

एवढे पाश्चात्य संगीत कानांवर असता राजांनी स्वतः काय रचले? त्यांच्या नावावरील ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या संग्रहात मराठी नृत्यरचना आहेत. एकेका निरूपणात अठरा जिनसा: जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना अशा क्रमाने मंगळापर्यंत. विशेष हा की अठराही जिनसांचा राग एक, ताल एक आणि कथाविषय एक. सोनाटा घर सोडून भटकतो आणि परत येतो. हे निरूपण उंबरा ओलांडीतच नाही, त्याच अंगणात अठरा चालींनी फिरते. गाणाऱ्याने येथे रागाची नवलाई दाखवू नये; चालीतला, बोलांतला आणि अभिनयातला पालट दाखवावा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या जिनसेलाच श्रोता कंटाळेल, आणि दोष रचनेच्या माथी येईल.

राज्य गेलेला राजा छंदात रमला, असे या सरफोजींविषयी सहजी म्हटले जाते. नेपोलियनच्या पराभवानिमित्त त्यांनी समुद्रकाठी मनोरा बांधला, हे पाहता कंपनीपुढे त्यांची मान किती वाकली होती तेही दिसते. ते झाकण्यात अर्थ नाही. पण इंग्रजी शिक्षण, इंग्रजी वाद्ये आणि इंग्रजांची नेमणूक असूनही रचना करताना त्यांनी शब्द मराठी घेतले आणि चौकट कावेरीकाठच्या नृत्याची घेतली. जगाचा भूगोलसुद्धा त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’त मराठीतून गायिला आहे. याला नुसता छंद म्हणावयास माझे मन घेत नाही.

त्यांच्याच दरबाराशी संबंध असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी भरतनाट्याच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला. अलारिप्पू, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना ही त्यातली नावे निरूपणातील जिनसांशी ताडून पाहावीत. एकाच रागाचे बंधन मात्र तेथे राहिले नाही.

१८३२ साली सरफोजी वारले. पुत्र शिवाजीराजांच्या मागे औरस पुत्र नव्हता, म्हणून १८५५ नंतर किल्ल्यावरचे नाममात्र राज्यही संपले. ग्रंथ तेवढे राहिले. १९१८ साली सरस्वती महाल सर्वांस खुला झाला, आणि पुढे त्याच ग्रंथालयाने ‘जिन्नस’ छापून काढले. अठराच्या अठरा जिनसा ओळीने एका बैठकीत म्हणणारे कोणी आपल्या मंडळात निघाले, तर ऐकणाऱ्यांत माझे नाव पहिले धरावे.