बाबा आमटे यांना बसता का येत नव्हते? झिजलेला कणा, भारत जोडो आणि आजचे ‘स्टिम्युलेटर’ : समजून घ्या सोप्या शब्दांत

उमरगा : पाठदुखी घेऊन उमरग्याहून सोलापूर किंवा लातूर गाठणाऱ्या रुग्णांच्या कानावर हल्ली एक नवे नाव पडते, ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’. पाठीत यंत्र बसवले की दुखणे बंद, असा त्याचा सरसकट अर्थ लावला जातो. हे यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजण्यासाठी महाराष्ट्राला चांगल्या माहीत असलेल्या एका माणसाचे आयुष्य पाहणे उपयोगी ठरते. ते म्हणजे बाबा आमटे. आयुष्याची शेवटची काही दशके त्यांना नीट बसताच येत नव्हते. ते एक तर उभे राहत किंवा आडवे होत.

कोण होते बाबा आमटे?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदाराचे, त्यामुळे लहानपण सुखात गेले. तरुणपणी त्यांना मोटार, शिकार आणि सिनेमाचा शौक होता. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोरा येथे वकिली सुरू केली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांचे खटले लढवण्यासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे महाराष्ट्र त्यांना साधनाताई म्हणून ओळखू लागला.

वरोऱ्यात सफाई कामगारांबरोबर डोक्यावर मैला वाहत असतानाच्या काळात त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण रस्त्याकडेला पडलेला दिसला. त्याला पाहून आपण घाबरलो, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्या भीतीवर मात करायची म्हणून ते कुष्ठरोगाकडे वळले. १९४९ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचे प्रशिक्षण घेतले. त्याच वर्षी महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. सुरुवातीला सोबत होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. विहीर खणणे, दगड फोडणे, जमीन नांगरटीखाली आणणे ही सगळी अंगमेहनतीची कामे बाबा रुग्णांच्या बरोबरीने करत.

कुष्ठरोगात वेदना का नाहीशी होते?

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेबरोबर नसांवर हल्ला करतो. नस निकामी झाली की हातापायाची संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळत जाते आणि शेवटी बोटे झिजून आखूड होऊ शकतात. वेदना हा शरीराचा अलार्म आहे आणि कुष्ठरुग्णाचा तो अलार्म बंद पडलेला असतो.

अशा माणसांत आयुष्य काढलेल्या बाबांच्या वाट्याला मात्र उलटा प्रकार आला. त्यांच्या मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज होत गेली. डॉक्टरी भाषेत याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, पातळ होते, हाडाला टोके फुटतात, सांधे कडक होतात आणि शेजारून जाणाऱ्या नसा दाबल्या जाऊ शकतात. बसल्यावर कमरेच्या डिस्कवर ताण येतो, म्हणून अनेक रुग्णांना बसणेच सर्वांत त्रासाचे ठरते. बाबांचा अलार्म थांबायलाच तयार नव्हता.

मग ‘भारत जोडो’ कशी झाली?

२४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे होण्यास दोन दिवस बाकी होते. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. बाबांना सायकल तर सोडाच, गाडीच्या सीटवर बसणेही शक्य नव्हते. त्यांच्यासाठी वाहनात बिछाना केला होता. त्यावर झोपून प्रवास करायचा आणि मुक्कामाच्या गावी उभे राहून लोकांशी बोलायचे, असा क्रम होता. ५ हजार किलोमीटरहून अधिक अंतर असेच पार पडले. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा ही दुसरी, याहूनही लांब यात्रा त्यांनी काढली.

१९९० मध्ये त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदाकाठी कसरावद येथे मुक्काम हलवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धरणग्रस्तांचा मोर्चा राजघाटाहून गुजरात सीमेकडे निघाला, तेव्हाही बाबा सोबत होते. १९८५ चा मॅगसेसे, पुढे पद्मविभूषण, टेम्पलटन आणि गांधी शांतता पुरस्कार मिळाले. कण्याची स्थिती मात्र सुधारली नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

स्टिम्युलेटर म्हणजे काय?

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी एक सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनेचे जणू एक फाटक असते आणि स्पर्शाचे संदेश जास्त आले की ते काहीसे लोटले जाते. मार लागलेली जागा आपण आपोआप चोळतो, ती याच कारणाने. १९६७ मध्ये अमेरिकेतील न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पाठीत इलेक्ट्रोड बसवून ही कल्पना प्रत्यक्षात वापरून पाहिली.

आजचे यंत्र पेसमेकरसारखे असते. बारीक वायरची टोके मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत ठेवतात आणि बॅटरी कमरेजवळ त्वचेखाली बसवतात. रिमोटने विजेच्या सौम्य लहरींचा जोर कमी-जास्त करता येतो. जुन्या पद्धतीत दुखऱ्या भागात मुंग्या आल्यासारखे वाटते. सेकंदाला १० हजार लहरी देणाऱ्या नव्या यंत्रात तसे जाणवत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत सांगायचे तर हे यंत्र बिघडलेला भाग बदलत नाही. तिथून मेंदूकडे जाणारा सिग्नल बदलते. झिजलेला मणका झिजलेलाच राहतो.

ते कोणासाठी आहे?

मुख्यतः नसांच्या वेदनेसाठी. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात जळजळ, करंट मारल्यासारखी कळ राहिली असेल किंवा मधुमेहाने पायांच्या नसा दुखत असतील, तर त्याचा विचार होतो. वाकल्यावर, बसल्यावर किंवा ओझे उचलल्यावर वाढणाऱ्या साध्या कंबरदुखीवर त्याचा भरवसा कमी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार कंबरदुखीत या यंत्राचा टिकाऊ फायदा बहुधा मिळत नाही. नॉर्वेतील २०२२ च्या चाचणीत ५० रुग्णांमध्ये यंत्र चालू आणि बंद ठेवून तुलना केली, तेव्हा त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. बाबांच्या दुखण्यात हाडाचा वाटा किती आणि नसेचा किती, हाच प्रश्न आजच्या डॉक्टरांनी आधी सोडवला असता.

यंत्र सुचवले तर डॉक्टरांना काय विचाराल?

• माझी वेदना नसेची आहे की सांध्या-स्नायूंची?
• आधी तात्पुरते यंत्र लावून चाचणी होणार का? काही दिवसांच्या या चाचणीत दुखणे साधारण निम्म्याने कमी झाले, तरच कायमचे यंत्र बसवतात.
• बॅटरी किती वर्षे टिकते आणि बदलायचा खर्च किती?
• वायर सरकली किंवा जंतुसंसर्ग झाला तर पुढे काय?
• नंतर एमआरआय करता येईल का?
• एकूण खर्च काही लाखांत जातो. त्यातला किती भाग विमा किंवा सरकारी योजनेत बसतो, हे लेखी मिळेल का?

पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर यापैकी कशाचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

व्यायाम, वजनावर नियंत्रण, कामाची पद्धत बदलणे आणि औषधे हे उपाय पाठदुखीत आजही आधी येतात. बाबांनीही काम सोडले नाही, काम करण्याची पद्धत बदलली. बसणे जमेना, तेव्हा त्यांनी गाडीत बिछाना घातला.