बाळाला सांगून अंघोळ घालणाऱ्या डॉक्टर

१९४६ साली बुडापेस्टमधल्या लोत्सी नावाच्या रस्त्यावर तान्ह्या मुलांसाठी एक बालगृह सुरू झालं. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. कुणाचे आईवडील युद्धात गेलेले, कुणाची आई क्षयानं आजारी, कुणाला घरी सांभाळायला माणूस नाही, अशी ही मुलं. बालगृहाची सूत्रं डॉ. एमी पिकलर यांच्याकडे होती. पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी तिथल्या प्रशिक्षित परिचारिकांना निरोप दिला.

परिचारिकांच्या कामात तसं बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं. मुलं स्वच्छ असायची, वेळेवर दूध मिळायचं. पण सगळं झपाट्यानं चालायचं. एक बाळ उचललं, पुसलं, गुंडाळलं, ठेवलं, की दुसरं. त्या हातांची सवय मोडणं कठीण आहे, असं पिकलर यांचं मत झालं. त्यांच्या जागी त्यांनी बाळं सांभाळण्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या, पण मुलांची आवड असलेल्या तरुण मुली घेतल्या आणि त्यांना स्वतः शिकवायला सुरुवात केली.

हे धाडस किती मोठं होतं, ते त्या काळच्या अनाथालयांचा इतिहास पाहिला की कळतं. पोट भरलेलं, अंग स्वच्छ, तरीही मुलं सुकत जात. तासन्‌तास डोलत बसत, बोलायला उशिरा शिकत, चेहरे कोरे होत. १९४५ मध्येच रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला ‘हॉस्पिटॅलिझम’ म्हटलं होतं. संस्थेत वाढलेलं बाळ असंच होणार, हे जवळपास गृहीत धरलं जात होतं.

एमी यांचा जन्म १९०२ चा, व्हिएन्नाचा. आई बालवाडीत शिक्षिका, वडील हंगेरियन कारागीर. त्या सहा वर्षांच्या असताना कुटुंब बुडापेस्टला आलं. बारा वर्षांच्या असताना आई गेली. पुढं डॉक्टर व्हायला त्या पुन्हा व्हिएन्नाला गेल्या. ‘ॲलर्जी’ हा शब्द वैद्यकाला देणारे क्लेमेन्स फॉन पिर्केट हे त्यांचे बालरोगाचे गुरू, तर बालशल्यचिकित्सा त्या हान्स झाल्झर यांच्याकडे शिकल्या. लहान मुलाला तपासताना ते रडणार नाही अशा बेतानं हात लावायचा, हा झाल्झर यांचा दंडक होता. आजही तपासणीच्या टेबलावर टाहो फोडणारं बाळ आपल्याला स्वाभाविक वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तिथंच त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. रस्त्यावर हुंदडणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या कामगारांच्या मुलांपेक्षा जपून वाढवलेल्या श्रीमंतांच्या मुलांची हाडं जास्त मोडत. पडावं कसं हे पहिल्यांना ठाऊक होतं. १९३१ मध्ये मुलगी आन्ना झाली, तेव्हा एमी आणि गणिताचे शिक्षक असलेले त्यांचे पती यांनी ठरवलं, की हिला आधार देऊन बसवायचं नाही, हात धरून चालवायचं नाही. ती आपल्या वेळेनं करील. आन्ना आपल्या वेळेनं पालथी पडली, रांगली, उभी राहिली आणि चाललीसुद्धा.

१९३५ पासून बुडापेस्टमध्ये त्या कुटुंबांच्या डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. दहा वर्षांत साधारण शंभर कुटुंबं त्यांच्याकडे होती. बाळ जन्मलं की सुरुवातीचे दिवस रोज, मग आठवड्याला एकदा त्या घरी जात. आजार शोधणं हा त्या भेटीचा लहानसा भाग असे. बाळ कसं हालचाल करतं, कशाकडे बघतं, दूध पाजताना आईची घाई होते का, हे बघायचं आणि आईवडिलांनाही बघायला लावायचं, यात बराच वेळ जाई. पालकांसाठीचं त्यांचं पहिलं पुस्तक १९४० मध्ये आलं.

पिकलर ज्यू होत्या, आणि पती राजकीय कारणांवरून कित्येक वर्षं तुरुंगात. नाझी काळात एमी आणि त्यांच्या माणसांना लपवून ठेवलं ते याच रुग्णांच्या कुटुंबांनी.

युद्धानंतर जे घरी जमलं ते बालगृहात जमवायचं होतं आणि इथं आई नव्हती. एका गटात आठ-नऊ मुलं. प्रत्येकाला चोवीस तास कुशीत घेणं शक्य नाही, हे पिकलर यांनी आधीच मान्य केलं. मग हाताशी काय उरतं? दूध पाजणं, अंघोळ, लंगोट बदलणं. ही कामं तर होणारच आहेत, तेव्हा तीच मुलाची हक्काची वेळ करायची. त्या वेळात सांभाळणारीनं दुसरीकडे बघायचं नाही, शेजारणीशी गप्पा मारायच्या नाहीत. उचलण्याआधी बाळाला सांगायचं, हात पुढं करायचे आणि थांबायचं. सदऱ्याची बाही दाखवून त्यानं हात घालायची वाट पाहायची. महिन्याभराच्या बाळाला काय कळतं, असं नव्या मुलींना वाटे. पण रोज तसंच केल्यावर काही आठवड्यांत बाळाचं अंग सैल पडायचं आणि नंतर तो इवला हात खरोखरच बाहीकडे यायचा. शिकवणारी खरी तर ती बाळंच होती.

मुलांचा क्रम रोज ठरलेला असे, त्यामुळे आपली पाळी कधी येणार हे मुलाला कळे आणि रडारड कमी होई. प्रत्येक मुलाची एक ठरावीक ‘आपली’ परिचारिका असे, ती त्याची रोजनिशी लिहायची. उरलेला वेळ मुलं जमिनीवर मोकळी खेळत. पांगुळगाडा नाही, उशा लावून बसवणं नाही. या नोंदींतूनच सातशेहून अधिक मुलांच्या हालचालींच्या वाढीवरचा पिकलर यांचा अभ्यास उभा राहिला.

या पद्धतीवर शंका घेणारे होते आणि त्यांची शंका अगदीच निराधार नाही. परिचारिकेनं आई व्हायचं नाही, आपलं प्रेम मोजून द्यायचं, ही शिस्त बाहेरच्याला कोरडी वाटते. पिकलर यांचा हिशेब वेगळा होता. हे मूल एक दिवस घरी किंवा दत्तक जाणार आहे, तेव्हा तुटताना मोडेल असं नातं जोडू नका. पन्नाशी-साठीतल्या कठोर हंगेरीत हे धोरण टिकवायला त्यांना काय करावं लागलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मिरियम दाव्हिद आणि जेनव्हिएव्ह आपेल या दोन फ्रेंच अभ्यासकांनी तिथलं काम जवळून पाहून १९७३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि लोत्सीचं नाव युरोपभर गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं इथून बाहेर पडलेल्या मुलांचा मोठेपणी पाठपुरावा झाला, त्यात हॉस्पिटॅलिझमच्या नेहमीच्या खुणा आढळल्या नाहीत.

पिकलर १९७८ पर्यंत संस्थेच्या प्रमुख होत्या, १९८४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या मॅग्डा गर्बर यांनी हीच रीत अमेरिकेत नेऊन लॉस एंजेलिसमध्ये पालकांचे वर्ग सुरू केले. संस्थेचं काम पुढं मानसशास्त्रज्ञ झालेल्या आन्नानं सांभाळलं. बालगृह २०११ मध्ये बंद झालं. लोत्सीच्या त्याच इमारतीत आता पाळणाघर चालतं, आणि जगभरातून सांभाळणाऱ्या बायका आणि पुरुष तिथं शिकायला येतात.